विरजणातल्या जीवाणूचा जिनोम वाचला, म्हणून दही औषध झालं का?

सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी दही दोन रूपांत भेटतं. एक घरातलं. रात्री कोमट दुधाला विरजण लावायचं आणि सकाळी झाकण उघडायचं. दुसरं दुकानातल्या फ्रिजमधलं, पाऊचमध्ये किंवा कपात. पहिल्यावर काहीच लिहिलेलं नसतं. दुसऱ्यावर आता काही वेळा एक शब्द ठळक अक्षरांत असतो, ‘प्रोबायोटिक’. त्या शब्दासाठी ग्राहक चार पैसे जास्त मोजतो. मंठा, जिंतूर आणि सेलूकडे जाणारी वाहनं घडीभर थांबतात त्या फाट्यांपर्यंत हा शब्द आला, पण त्याचा अर्थ बरोबर आला नाही.

त्यातच आता दुसरा शब्द येऊन मिळालाय, ‘जिनोम सिक्वेन्सिंग’. देशभरातल्या प्रयोगशाळा दही, इडलीचं पीठ, लोणचं, आंबवलेले भात आणि निरोगी माणसांच्या शरीरातून लॅक्टिक ॲसिड बॅक्टेरिया वेगळे काढतात, त्यांचा संपूर्ण जिनोम वाचतात आणि शोधनिबंध प्रसिद्ध करतात. त्यांच्या शीर्षकात बहुतेक वेळा ‘प्रोबायोटिक क्षमता असलेला’ असे शब्द असतात. बातमी होईपर्यंत त्यातला ‘क्षमता’ गळतो. जाहिरात होईपर्यंत जीवाणूचं नावही गळतं, आणि उरतं ते ‘विज्ञानाने सिद्ध’.

हा गळलेला शब्दच इथे महत्त्वाचा आहे. जिनोम वाचणं उपयोगाचं आहे, स्वस्त झालंय, आणि मराठवाड्याने ते स्वतः करायला हवं. पण जिनोम म्हणजे आरोग्याचं प्रमाणपत्र नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्ही नीट समजून घ्याव्या लागतील.

जिनोम वाचतात म्हणजे नेमकं काय करतात?

हा शब्द मराठी वाचकाला कोरोनाने शिकवला. नवा व्हेरियंट आला की नमुने सिक्वेन्सिंगला जायचे. कोरोना विषाणूचा जिनोम सुमारे ३० हजार अक्षरांचा आहे. दह्यातल्या जीवाणूंचा साधारण १८ लाखांपासून ३३ लाख अक्षरांपर्यंत जातो. अक्षरं मात्र चारच, ए, टी, जी आणि सी. सगळी माहिती त्यांच्या क्रमात असते.

पद्धत अशी. दह्याचा थेंब पातळ करून पोषक माध्यमाच्या बशीवर पसरतात. दोन-तीन दिवसांत ठिपके उगवतात. एक ठिपका म्हणजे साधारण एकाच जीवाणूची प्रजा. त्यातला डीएनए काढून यंत्रात घालतात. प्रचलित यंत्रं एका वेळी साधारण १५० अक्षरांचे तुकडे वाचतात, आणि असे लाखो तुकडे वाचतात. वर्तमानपत्राच्या शंभर प्रती फाडून त्यांचे कपटे एका पोत्यात भरले आणि कपट्यांच्या कडा जुळवत मूळ पान उभं करायला सांगितलं, तसं हे काम आहे. ते सॉफ्टवेअर करतं. नॅनोपोअर तंत्राची यंत्रं हजारो अक्षरांचे सलग पट्टे वाचतात, त्यामुळे जुळवणी सोपी होते. त्यातलं सर्वांत छोटं यंत्र तळहातावर मावतं. एका जीवाणूचा जिनोम वाचायला कधीकाळी मोठ्या संस्थेची काही वर्षं जायची. आता भारतातल्या खासगी प्रयोगशाळा ते काही हजार रुपयांत करून देतात.

अक्षरं जुळली की गावं ओळखावीत तशी जनुकं ओळखायची. इथे एक गोष्ट सहसा बातमीत येत नाही. जनुकाचं काम ठरवलं जातं ते मुख्यतः आधीच माहीत असलेल्या जनुकांशी तुलना करून. जुळलं तर नाव मिळतं. जुळलं नाही तर ‘कार्य अज्ञात’ अशी नोंद होते, आणि कुठल्याही जीवाणूच्या जिनोममध्ये अशा नोंदी शेकड्याने असतात. सॉफ्टवेअरवाल्याच्या भाषेत सांगायचं तर सोर्स कोड हाती आला, पण बऱ्याच फंक्शनांवर कॉमेंट नाही. प्रत्यक्ष सर्व्हरवर, म्हणजे माणसाच्या आतड्यात, तो कसा चालेल हे कोड वाचून पुरतं सांगता येत नाही.

दह्यात राहतं कोण?

घरच्या विरजणात एकच जीवाणू नसतो, बिऱ्हाडं बरीच असतात. लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, निरनिराळे लॅक्टोबॅसिलस आणि थोडे यीस्टही. ते दुधातली साखर खातात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. दुधाचा पीएच ४.६ च्या आसपास उतरला की केसीन नावाचं प्रथिन गोळा होतं आणि दही लागतं. विरजण नसलं तर हिरव्या मिरचीची देठं दुधात टाकून दही लावणारी घरं मराठवाड्यात आजही सापडतील. जीवाणू देठावरही असतात, एवढंच त्यातलं गुपित.

या मंडळींपैकी जिनोम वाचून झालेला पहिला लॅक्टिक ॲसिड जीवाणू म्हणजे लॅक्टोकॉकस लॅक्टिस. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी तो २००१ मध्ये प्रसिद्ध केला. २००३ मध्ये नेदरलँड्समधून लॅक्टोबॅसिलस प्लँटारमचा आला, ३३ लाख अक्षरांचा. प्लँटारम दुधातही राहतो, चाऱ्यातही, लोणच्यातही आणि माणसाच्या तोंडातही, म्हणून त्याच्याकडे नाना साखरा पचवायची अवजारं आहेत. योगर्ट लावणाऱ्या बल्गेरिकसचा जिनोम २००६ मध्ये आला. तो १८ लाखांहून थोडा जास्त, आणि त्यात मोडक्या जनुकांचा खच. पिढ्यानपिढ्या दुधातच राहिल्याने न लागणारी जनुकं झिजत गेली. स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसचंही तसंच. त्याच्या कुळात घसादुखी आणि न्यूमोनियाचे जीवाणू आहेत. याचा जिनोम २००४ मध्ये वाचला तेव्हा दिसलं की रोग पसरवायला लागणारी कुळाची बरीचशी अवजारं याने गमावली आहेत. माणसाने हजारो वर्षं न कळत सांभाळलेलं हे पाळीव जनावरच म्हणायचं.

याच थर्मोफिलसमुळे जीवशास्त्रात मोठी उलथापालथ झाली. दही-चीजच्या कारखान्यांत कधीकधी अख्खी टाकी बिघडते, कारण जीवाणूंनाही विषाणू लागतात. डॅनिस्को या खाद्यघटक कंपनीतल्या रोडॉल्फ बॅरँगू, फिलिप होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवून दिलं की हल्ल्यातून वाचलेला थर्मोफिलस विषाणूच्या डीएनएचा तुकडा आपल्या जिनोममध्ये जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी तो ओळखून कापतो. जिनोममधल्या या जागेला क्रिस्पर म्हणतात. पुढे त्यातूनच जनुक संपादनाचं तंत्र उभं राहिलं. त्यासाठी इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना यांना २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. भारताने मे २०२५ मध्ये जाहीर केलेले जनुक संपादित भाताचे दोन वाण हे त्याच तंत्राचं फळ. दह्याच्या भांड्यापासून भाताच्या खाचरापर्यंतचा हा प्रवास जीवाणूंचे जिनोम वाचण्यातून सुरू झाला.

आडनाव पुरत नाही, घर क्रमांक लागतो

प्रोबायोटिक बाजारातली सर्वांत मोठी गफलत नावाची आहे. कपावर ‘लॅक्टोबॅसिलस’ लिहिलेलं असतं. गावात जाऊन ‘पाटील कुठे राहतात?’ विचारण्यासारखं हे आहे. त्यातच एप्रिल २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जिनोमच्या आधारे हे जुनं घराणं २५ वंशांत वाटून टाकलं. प्लँटारम आता लॅक्टिप्लँटिबॅसिलस झाला, तर केसाय आणि ऱ्हॅम्नोसस लॅक्टिकेसायबॅसिलसमध्ये गेले. उच्चारायला अवघड आहे खरं, पण जे जीवाणू एकमेकांचे फार लांबचे नातेवाईक होते ते एकाच आडनावाखाली नांदत होते, ते तरी थांबलं.

ओळख पटवायची जुनी पद्धत म्हणजे १६ एस नावाच्या एकाच जनुकाची सुमारे दीड हजार अक्षरं वाचायची. अनेक लहान महाविद्यालयांतून होणारं काम आजही इथेच थांबतं. पण प्लँटारम आणि त्याचा भाऊ पेंटोसस यांच्यात या जनुकाचा फरक जवळजवळ नसतोच. संपूर्ण जिनोम जुळवून पाहिला, आणि ९५-९६ टक्क्यांच्या वर साम्य निघालं, तर एक प्रजाती. त्याखाली उतरलं तर वेगळी. आणि एकाच प्रजातीतही प्रत्येक स्ट्रेन निराळा असतो. ज्या स्ट्रेनवर माणसांत चाचणी झाली त्याचा गुण दुसऱ्या स्ट्रेनच्या नावावर लावता येत नाही.

औषधाच्या दुकानातलं एक उदाहरण पाहा. ‘लॅक्टोबॅसिलस स्पोरोजेन्स’ हे नाव भारतात वर्षानुवर्षं गोळ्या-पुड्यांवर छापलं गेलं. शास्त्रीय नामावलीतून ते नाव केव्हाच बाद झालंय. तो जीवाणू लॅक्टोबॅसिलस नाहीच, बॅसिलस कोॲग्युलन्स आहे. डॉक्टरांनी लिहून दिलं, दुकानदाराने दिलं, रुग्णाने घेतलं, आणि नाव चुकीचं असल्याने कुणाचं काही अडलं नाही. ज्या बाजारात नाव चुकलं तरी चालतं, तिथे ‘जिनोम वाचलेला’ या शिक्क्याचं वजन किती धरायचं?

जिनोमचा खरा उपयोग सुरक्षिततेसाठी

इथे मात्र जिनोमला पर्याय नाही, आणि मराठवाड्यातल्या दुधाच्या संदर्भात हा मुद्दा नेमका लागू पडतो.

गाई-म्हशींना दगडी, म्हणजे कासदाह झाला की प्रतिजैविकं दिली जातात. औषध दिल्यानंतर काही दिवस त्या जनावराचं दूध वापरू नये हा नियम सगळ्यांना सांगितलेला असतो. दुधाच्या हिशोबावर घर चालतं तिथे तो पाळणं किती जड जातं, हे गोठा असलेल्या कुणालाही विचारा. प्रतिजैविकाच्या सततच्या संपर्कात टिकून राहतात ते जीवाणू, ज्यांच्याकडे त्यापासून बचाव करणारी जनुकं आहेत. हे जीवाणू दुधात, दुधातून विरजणात आणि तिथून पोटात जाऊ शकतात.

आता प्रयोगशाळेत दह्यातला एक जीवाणू घेतला, बशीवर व्हॅन्कोमायसिनची चकती ठेवली आणि जीवाणूला काहीच झालं नाही. घाबरायचं का? अनेक लॅक्टोबॅसिलसांच्या बाबतीत नाही. त्यांच्या पेशीभिंतीची रचनाच अशी असते की व्हॅन्कोमायसिनला पकड मिळत नाही. तो जन्मजात गुण आहे, दुसऱ्या जीवाणूला उसना देता येत नाही. याउलट टेट्रासायक्लिन किंवा एरिथ्रोमायसिनला दाद न देणारी काही जनुकं उडी मारणाऱ्या तुकड्यांवर किंवा प्लाझ्मिड नावाच्या सुट्या कड्यांवर बसलेली असतात. ती आतड्यातल्या शेजारी जीवाणूला देता येतात, आणि तो शेजारी रोगकारक असला तर उद्या औषध लागू पडायचं नाही. बशीवर हे दोन्ही जीवाणू सारखेच दिसतात. जनुक कुठे बसलंय हे जिनोम वाचल्याशिवाय कळत नाही.

एन्टेरोकॉकस हे नाव या संदर्भात वारंवार येतं. पारंपरिक आंबवलेल्या पदार्थांत तो सर्रास सापडतो, चाचण्यांत गुणीही दिसतो, म्हणून त्यावरही ‘प्रोबायोटिक क्षमता’ म्हणत शोधनिबंध येतात. पण रुग्णालयांत हट्टी संसर्ग करणारे एन्टेरोकॉकसही याच वंशाचे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मूळ सुरक्षित मानलेल्या सूक्ष्मजीवांच्या यादीत एन्टेरोकॉकसला जागा दिलेली नाही. याशिवाय हिस्टामिनसारखी त्रासदायक द्रव्यं बनवणारी जनुकं आहेत का, तेही जिनोममध्ये पाहता येतं.

युरोपात पशुखाद्यात वापरायच्या जीवाणूंसाठी २०१८ च्या मार्गदर्शनानुसार संपूर्ण जिनोम सादर करावा लागतो. तिथे जनावराच्या चाऱ्यात मिसळायच्या जीवाणूलाही ही अट आहे. भारतात आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची प्रोबायोटिकसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०११ ची आहेत. स्ट्रेनची ओळख पटवा, मान्यताप्राप्त संग्रहात तो जमा करा, सुरक्षितता तपासा, माणसांत परिणाम दाखवा, असं ती सांगतात. तत्त्वं चांगलीच आहेत. पण ती लिहिली तेव्हा सिक्वेन्सिंग महाग होतं. आता नाही. बाजारात येणाऱ्या प्रत्येक प्रोबायोटिक स्ट्रेनचा जिनोम सार्वजनिक करणं सक्तीचं करायला आज तांत्रिक अडचण उरलेली नाही. अडचण असलीच तर इच्छेची.

ओडिशाची चाचणी आणि दोन निराशा

मग जिनोम चांगला निघाला तर पुढे? पुढे माणसं. दुसरा रस्ता नाही.

याचं भारतातलं सर्वांत ठळक उदाहरण ओडिशातलं आहे. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण भागातल्या ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. निम्म्यांना प्लँटारमचा एक विशिष्ट स्ट्रेन आणि त्याचं खाद्य असलेली साखर आठवडाभर दिली. उरलेल्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी पूड. पहिल्या दोन महिन्यांत रक्तातला संसर्ग किंवा मृत्यू यांचं प्रमाण दुसऱ्या गटात ९ टक्के होतं, पहिल्या गटात ५.४ टक्के. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. जिथे नवजात शिशू कक्ष तासाभराच्या अंतरावर असतो तिथे या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पण पुढच्याच वर्षी अमेरिका आणि कॅनडातल्या दोन मोठ्या चाचण्या आल्या. जुलाब-उलट्यांनी आजारी बालकांना लॅक्टोबॅसिलसयुक्त प्रोबायोटिक दिलं गेलं. त्यातल्या अमेरिकी चाचणीत ऱ्हॅम्नोसस जीजी हा जगातला बहुधा सर्वांत अभ्यासलेला स्ट्रेन होता. त्याचा जिनोम केव्हाच वाचून झालेला. निष्कर्ष एकच, निरुपयोगी पुडीपेक्षा फायदा नाही. हे दोन्ही निकाल खरे आहेत. स्ट्रेन वेगळे, आजार वेगळा, बाळांचं वय वेगळं, आतड्यात आधीपासून राहणारी वस्ती वेगळी. ‘प्रोबायोटिक चांगलं असतं का?’ हा प्रश्नच त्यामुळे चुकीचा ठरतो. कोणता स्ट्रेन, कुणाला, कशासाठी, किती मात्रेत, एवढं विचारावं लागतं.

भारतीय मुळाच्या प्रोबायोटिक जीवाणूच्या जिनोमची सुरुवातीची ठळक गोष्टही हेच सांगते. गुजरातच्या आणंद कृषी विद्यापीठातल्या जे. बी. प्रजापती यांच्या गटाने २०११ मध्ये लॅक्टोबॅसिलस हेल्व्हेटिकस एमटीसीसी ५४६३ या स्ट्रेनचा जिनोम प्रसिद्ध केला. हा स्ट्रेन दह्यातला नव्हता. एका निरोगी स्त्रीच्या योनिमार्गातून तो वेगळा केला होता. लेखकांच्या यादीत सी. डी. खेडकर हे नाव आहे. यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळच्या वरूड इथल्या दुग्धतंत्रज्ञान महाविद्यालयात त्यांनी काम केलं. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातही ‘प्रोबायोटिक क्षमता’ हेच शब्द होते, आणि पुढचं काम त्या शब्दाला जागलं. या स्ट्रेनचं आंबवलेलं दूध वयस्क स्वयंसेवकांना दिलं गेलं. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत काहींना गुण आल्याचं दिसलं, काहींना नाही, आणि हा फरक ज्याच्या-त्याच्या आतड्यात आधीपासून असलेल्या जीवाणूंशी जोडलेला आढळला. म्हणजे जीवाणूचा जिनोम वाचला तरी ज्याच्या पोटात तो जाणार त्याचंही पोट वाचावं लागतं. हे लिहायला धैर्य लागतं, कारण जाहिरातीत याचा काही उपयोग नसतो.

कपावर काय बघायचं?

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये केलेली व्याख्या तीन अटी घालते. सूक्ष्मजीव जिवंत हवेत, पुरेशा संख्येत हवेत आणि त्यांचा आरोग्याला फायदा दिसायला हवा. पहिल्याच अटीत आपले बरेच लाडके पदार्थ बाद होतात. कढी उकळते. इडली वाफवतात. कुरडईसाठी गहू दोन-तीन दिवस भिजत ठेवतात, ते आंबवण्याचं काम लॅक्टिक जीवाणूच करतात, पण चीक शिजवला की ते मरतात. हे पदार्थ वाईट ठरत नाहीत, फक्त प्रोबायोटिक ठरत नाहीत. ताजं दही, मठ्ठा आणि ताक यांतले जीवाणू जिवंत असतात. पण त्यांची ओळख, संख्या आणि परिणाम मोजलेला नसतो, म्हणून शास्त्राच्या काटेकोर अर्थाने त्यांनाही हे नाव लागत नाही. अन्न म्हणून ती उत्तमच आहेत. त्यांना औषधाचं बिरूद चिकटवायची गरज नाही.

आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार वेष्टनावर वंश, प्रजाती आणि स्ट्रेनचा क्रमांक हवा, आणि वापरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत किती जीवाणू जिवंत राहतील तो आकडा हवा. तयार केलेल्या दिवशीचा नव्हे. एफएसएसएआयच्या नियमांत दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी जिवंत जीवाणूंची अपेक्षा आहे. साठवणुकीचं तापमानही लिहिलेलं हवं. परभणीत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि लोडशेडिंगमध्ये दुकानाचा फ्रिज तासन्‌तास बंद राहतो, त्या वेळी कपावर छापलेल्या कोट्यवधींपैकी किती जिवंत राहत असतील याचा विचार छापणाऱ्याने केलेला नसतो.

मराठवाड्याने काय वाचायचं?

परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, त्याचं अन्नतंत्र महाविद्यालय आहे आणि पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. तिथे जीवाणू कायमचे जपून ठेवता येतात आणि २०११ पासून त्याला आंतरराष्ट्रीय ठेव केंद्राचा दर्जाही आहे. मंठ्याच्या पलीकडे लोणार आहे. २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा मीठप्रेमी सूक्ष्मजीवांवर अख्ख्या महाराष्ट्राने आठवडाभर चर्चा केली. पण त्याच पट्ट्यातल्या घराघरांतलं विरजण, आंबील, चिकाचं पाणी आणि मुरघास यांच्यात कोण राहतं, याची पद्धतशीर नोंदवही मात्र नाही.

यात भावनेपेक्षा व्यवहार जास्त आहे. ज्वारीच घ्या. परभणी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सोबतीने ‘परभणी शक्ती’ हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त असल्याचं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं होतं. पण ज्वारीत फायटिक आम्लही असतं, ते लोहाला धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. पीठ आंबवलं की आंबटपणा वाढतो, धान्यातलंच फायटेज हे विकर कामाला लागतं आणि लोह मोकळं होतं. वेळ अमावास्येला शेतात प्यायली जाणारी ताक-ज्वारीची आंबील या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. कोणते जीवाणू पीठ लवकर आंबवतात आणि कोणते फायटिक आम्ल जास्त कमी करतात, हे शोधायला आधी ते वेगळे करून त्यांचे जिनोम वाचावे लागतील. आंबील शिजवल्यावर जीवाणू मेले तरी लोह मोकळं करायचं काम आधीच झालेलं असेल. म्हणजे इथे ‘प्रोबायोटिक’ शब्दाचीही गरज नाही, आणि तरी फायदा त्याहून मोठा असू शकतो.

दुसरं मुरघास. कुट्टी केलेला मका दाबून, हवा काढून दीडेक महिना बंद ठेवला की लॅक्टिक जीवाणू त्याचा पीएच ४ च्या आसपास आणतात आणि चारा टिकतो. त्यासाठी बाजारात जीवाणूंचं कल्चर विकत मिळतं. लालकंधारी, देवणी आणि मराठवाडी म्हैस जिथली, तिथल्या मक्यावर आणि ज्वारीवर, तिथल्या उन्हात जगलेले जीवाणू त्याहून सरस ठरतील की नाही, हे वाचून आणि तपासूनच कळेल. कदाचित नाही ठरणार. तेही कळलेलं बरं.

आणि मालकीचा प्रश्न आहेच. जैवविविधता कायदा २००२ मध्ये सूक्ष्मजीवही जैविक संसाधन आहेत आणि त्यांच्या व्यापारी वापरातला लाभ स्थानिकांशी वाटून घ्यायची तरतूद आहे. पण जिनोमची अक्षरं एकदा आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये चढली की कुणीही ती उतरवून घेऊ शकतो, जीवाणूची बाटली हलवायचीही गरज राहत नाही. या ‘डिजिटल सिक्वेन्स माहिती’च्या लाभासाठी जैवविविधता कराराच्या देशांनी २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली इथे निधी उभारायचं ठरवलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुरू झाला. त्यात कंपन्यांनी पैसे भरायचे ते ऐच्छिक स्वरूपात. नमुना कोणत्या गावातून आला याची नोंद नसेल तर त्या गावापर्यंत काही येण्याचा प्रश्नच नाही. कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची आहे. त्यात झाडं असतात, पक्षी असतात, पिकांचे वाण असतात. विरजणासाठी, आंबिलीसाठी आणि चिकासाठी एक पान त्याच वहीत उघडता येतं, त्याला नवा कायदा लागत नाही.

घाई मात्र आहे. पाऊचमधलं दहीच चमचाभर काढून घरी विरजण म्हणून लावणं आता अनेक घरांत रुळलंय. त्यातून कारखान्याचे दोन-तीन स्ट्रेन घराघरांत बसतात आणि शेजारणीकडून वाटीभर विरजण आणण्याची गरज संपते. सासू-सुनांच्या तीन-चार पिढ्या अखंड चालत आलेली विरजणं अजून गावांत असतील तर ती याच काही वर्षांत गोळा करावी लागतील. चैत्र-वैशाखात सेलू-जिंतूर भागात कुरडयांसाठी गहू भिजायला पडतात. चिकाचं पाणी भरलेली छोटी बाटली बर्फात ठेवली तर देवगाव फाट्यावरून त्याच दिवशी परभणीच्या प्रयोगशाळेत पोहोचते.